बालवाडीचा शरद : आक्षेपांचा परामर्श

भाद्रपद सरून आश्विन लागला, पावसाची सर विरळ झाली आणि हस्त नक्षत्र आले, की महाराष्ट्रातल्या पुष्कळ बालवाड्यांतून पाटावर खडूने हत्ती काढला जातो, टोपलीतल्या मातीत धान्य पेरले जाते, दसऱ्याला पाटीपूजन होते, मग कंदिलाचे कागद कातरण्यास आरंभ होतो आणि अंगणाच्या कोपऱ्यात किल्ल्यासाठी दगडमाती जमू लागते. आणि या सर्व उद्योगासाठी मुलांच्या आया, आज्या, क्वचित वडील व आजोबाही उंबऱ्याच्या आत बोलावले जातात. ही वहिवाट निरुपद्रवी आहे असे आजवर बहुतेकांनी गृहीत धरले होते. अलीकडे मात्र तीत मुलांचा काळ आणि पालकांचा पैसा या दोहोंचा अपव्यय होतो, असा पक्ष सुशिक्षित वर्गात बळावत चालला आहे, आणि तो मांडणाऱ्यांत उतावळ्या पालकांबरोबर शिक्षणाविषयी खरी आस्था बाळगणारी विचारी माणसेही आहेत. म्हणूनच त्या पक्षाला सविस्तर उत्तर देणे मला अवश्य वाटते.

पूर्वपक्ष प्रथम निःपक्षपातीपणे मांडला पाहिजे. त्याचे आक्षेप चार आहेत. पहिला असा की, पहिलीत जाण्यापूर्वी मुलाला अक्षरे व अंक यांची तयारी हवी असते आणि ऐन वर्षाच्या मध्यावरचे दोन महिने गाण्यांत व कागद कातरण्यात गेले तर ती तयारी लंगडी राहते. दुसरा असा की, कुटुंबाचा सहभाग या गोंडस नावाखाली सगळा भार आयांवर पडतो, आणि ज्या घरी दोघेही रोजगारासाठी बाहेर असतात, किंवा ज्या घरी साहित्य विकत घेण्याची ऐपत नसते, त्या घरच्या मुलाचा त्यात पाणउतारा होतो. तिसरा असा की, शरदातील बहुतेक उपक्रम एका धर्माच्या, किंबहुना त्यातल्याही काही जातींच्या सणांतून आलेले आहेत. सर्वांसाठी असलेल्या संस्थेने ते चालवणे न्याय्य नव्हे. आणि चौथा असा की, बालशिक्षण हे शास्त्र आहे, शिक्षिका त्या शास्त्रात प्रशिक्षित आहे, आणि घरच्या माणसांची गर्दी तिच्या कामात व्यत्यय आणते.

या चारही आक्षेपांत सत्याचा अंश आहे. परंतु ज्या गोष्टीवर ते लागू पडतात ती गोष्ट वेगळी आणि ज्या गोष्टीचे ते उच्चाटन करू पाहतात ती वेगळी, असे माझे म्हणणे आहे. आक्षेप लागू पडतात ते प्रदर्शनावर : भाड्याच्या पोशाखांवर, व्यासपीठावर, बक्षिसांवर, छायाचित्रांसाठी मांडलेल्या देखाव्यांवर. हे सर्व उद्या बंद झाले तर मला आनंदच होईल. परंतु त्या निमित्ताने ऋतू आणि घर यांनाच बालवाडीबाहेर काढण्याचा जो घाट घातला जात आहे त्याला माझा विरोध आहे. कारण तीन ते सहा वर्षांच्या मुलाच्या शिक्षणाचे खरे भांडवल ऋतू आणि घर हेच आहे.

पहिल्या आक्षेपाची परीक्षा हादग्यावरच, म्हणजे पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरून गायल्या जाणाऱ्या भोंडल्यावरच, करून पाहावी. अनेक घरांच्या परंपरेत हादग्याचा क्रम असा आहे की, पहिल्या दिवशी एक गाणे व एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन गाणी व दोन खिरापती, तिसऱ्या दिवशी तीन, अशी रोज एकेकाची भर पडत जाते. ज्या मुलाला हा क्रम प्रत्यक्ष जगावयास मिळतो, ज्याला काल चार होत्या म्हणून आज पाच हव्यात हे वाट्या मांडताना स्वतःच्या हातांनी ताडून पाहावे लागते, त्याला अंकांची चढण पाठ करवून घेण्याची गरज राहत नाही, कारण तिचा अर्थ त्याच्या अंगवळणी पडलेला असतो. या गाण्यांतली पुष्कळशी साखळीची आहेत. आधीचे सर्व दुवे ध्यानात ठेवल्यावाचून पुढचा दुवा जोडता येत नाही, आणि यमक साधताना शब्दाच्या शेवटचा ध्वनी सुटा करून ऐकण्याची जी सवय कानाला लागते ती वाचनाची पहिली पायरी होय. पुढे खिरापत ओळखण्याचा प्रकार येतो. डबा झाकलेला असतो. गोड की तिखट, तळलेली की भाजलेली, ओली की कोरडी, असे प्रश्न विचारून आणि मिळालेल्या उत्तरावरून एकेक शक्यता वगळून निर्णयाला पोचायचे असते. वर्गीकरण आणि अनुमान शिकवण्यासाठी याहून चोख साधन मला ठाऊक नाही, आणि त्याला खर्च लागतो तो मूठभर शेंगदाण्यांचा.

टोपलीतल्या धान्याचेही असेच आहे. घटस्थापनेला पेरलेले धान्य दसऱ्यापर्यंत टीचभर वाढते, एवढ्या थोड्या मुदतीत की चार वर्षांच्या मुलाचे लक्ष त्यावरून उडत नाही. त्यातली एक टोपली खिडकीत आणि दुसरी काळोख्या कोनाड्यात ठेवली तर पहिलीतले कोंब हिरवे व आखूड, दुसरीतले पिवळट व लांब होतात, आणि रोज दोऱ्याने त्यांची उंची मोजून तो दोरा भिंतीला चिकटवणारे मूल प्रयोग, मापन व नोंद या तिन्ही गोष्टी एका आठवड्यात करून चुकते. किल्ल्याची गोष्ट याहून मोठी आहे. ओली माती किती उतारावर टिकते, पाणी ओतले की ते कोठून वाट काढते, बुरूज आधी की तट आधी, अळीव पेरले तर मावळे मांडीपर्यंत ते उगवेल काय, या प्रश्नांची उत्तरे तेथे हातांनीच द्यावी लागतात. आणि मुख्य म्हणजे तो एकट्याने बांधता येत नाही, म्हणून आपला दगड दुसऱ्याच्या दगडावर ठेवण्याआधी त्याला विचारावे लागते.

उलट, साडेतीन वर्षांच्या मुलाच्या बोटांत पेन्सिल देऊन त्याच्याकडून एकच अक्षर पानभर गिरवून घेण्याने काय साधते? त्या वयात मनगटाची हाडे व बोटांचे स्नायू पुरते तयार झालेले नसतात; ते तयार होतात माती मळण्याने, कागद फाडण्याने, शेंगा सोलण्याने, झेंडूची फुले दोऱ्यात ओवण्याने. सहाव्या वर्षाच्या आत मेंदूच्या वाढीचा 85 टक्क्यांहून अधिक भाग पूर्ण होतो, हे 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातले विधान आक्षेपक वारंवार पुढे करतात आणि त्यावरून लवकर लिहावयास शिकवण्याचा निष्कर्ष काढतात. परंतु त्याच धोरणाने तीन ते आठ या पाच वर्षांचा एकच पायाभूत स्तर कल्पिला आहे आणि त्यातील शिक्षण लवचीक, खेळावर व कृतीवर आधारलेले असावे असे म्हटले आहे. 2022 साली आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने तीच दिशा अधिक विस्ताराने दाखवली. आणि 2021 साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने वाचन, लेखन व गणन यांच्या मूलभूत सिद्धीची मुदत तिसरीच्या अखेरीस ठेवली आहे. ज्या कामाला शासनानेच तिसरीपर्यंतचा अवधी दिला, ते बालवाडीच्या दुसऱ्या सहामाहीत उरकण्याची घाई कोणाच्या हितासाठी आहे, याचे उत्तर आक्षेपकांनी द्यावे.

येथे एका प्रकाराचा स्वतंत्र निषेध करणे मला कर्तव्य वाटते. देशी उपक्रम नकोत म्हणणाऱ्या काही महागड्या बालशाळांतून ऑक्टोबरात नारिंगी भोपळे व लालपिवळी कागदी पाने यांचा एक सोहळा होऊ लागला आहे, आणि या महिन्यात झाडांची पाने रंग बदलून गळतात असे मुलांना शिकवले जाते. हे आपल्या भूमीपुरते सरळ असत्य आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी साग, सावर, पळस यांची पानगळ हिवाळा उलटताना, माघफाल्गुनाच्या सुमारास होते. आश्विनात तीच झाडे पावसाने तुडुंब झालेली, पानांनी लदलेली असतात. आपल्या शरदाच्या खुणा निराळ्या आहेत. उतारांवर तेरडा व सोनकी फुललेली असते, सकाळी गवतावर कोळ्यांची जाळी दवाने दिसू लागतात, पिकलेल्या गवताची कुसळे मुलांच्या कपड्यांना चिकटून घरापर्यंत येतात, पारिजातकाचा सडा पडतो, शेपूट हलवणारा परीट पक्षी उत्तरेकडून येऊन मैदानात उतरतो, आणि पाऊस परतताच ऊन असे तापते की दुपारी मुलांना सावलीत घ्यावे लागते. जे मूल खिडकीबाहेर हिरवे झाड पाहते आणि भिंतीवर गळते पान पाहते, त्याला आपण शिकवतो ते एवढेच की डोळ्यांवर विश्वास ठेवू नये, भिंतीवर ठेवावा. निरीक्षणशक्तीचा याहून मोठा घात दुसरा कोणता असेल?

परदेशांपासून घेण्यासारखे पुष्कळ आहे, पण ते तत्त्व आहे. जर्मनीतल्या बालवाड्यांतून 11 नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या दिवसाच्या सुमारास मुले आपल्या हातांनी केलेले कागदी दिवे घेऊन संध्याकाळी आईबापांसह गावातून फिरतात. त्या अक्षांशांवर नोव्हेंबरात अंधार लवकर पडतो, पाने खरोखरीच गळालेली असतात, आणि दिव्याची गरज मुलाला अंगाने जाणवते. म्हणून तो उपक्रम तेथे सच्चा आहे. त्याच न्यायाने आपल्याकडे अमावास्येच्या आधी केलेला कंदील सच्चा आहे. आपली भूमी, आपला प्रकाश, आपले पीक यांना अनुसरून मुलाचे हात कामाला लावावेत, हे तत्त्व त्यांच्याकडून घ्यावे. कागदी पान तेथेच राहू द्यावे.

आता दुसरा आक्षेप, जो मला सर्वांत वजनदार वाटतो. रात्री नऊ वाजता भ्रमणध्वनीवर संदेश यावा की उद्या मुलाला अमुक पोशाखात, दहा रंगवलेल्या पणत्यांसह पाठवावे. मग कामावरून थकून आलेल्या आईने दुकान गाठावे, किंवा मूल झोपल्यावर स्वतःच पणत्या रंगवून मुलाच्या नावाने धाडाव्या. पुढे कामाच्या वारी भर अकरा वाजता समारंभ ठेवून ज्यांना रजा मिळाली नाही त्यांची मुले दाराकडे पाहत बसावीत : याला सहभाग म्हणणे हा त्या शब्दाचा अपमान आहे. ही वेठ आहे, आणि ती बंद झालीच पाहिजे. येथवर आक्षेपक आणि मी एकाच बाजूला आहोत. परंतु त्यांनी काढलेला निष्कर्ष, की कुटुंबाला बाहेरच ठेवावे, तो मला मान्य नाही. कारण गरीब व कष्टकरी कुटुंबाला त्याने दिलासा मिळत नाही, उलट त्याच्याजवळ मुलाला देण्यासारखे काही नाही असा निकाल मात्र त्याच्यावर लादला जातो.

बालशिक्षणाचा इतिहास या निकालाच्या अगदी विरुद्ध साक्ष देतो. फ्रेडरिक फ्रोबेलने किंडरगार्टनची कल्पना रूढ केली आणि 1844 साली आयांसाठी गाणी व बोटांचे खेळ यांचे पुस्तक सिद्ध केले, कारण शिक्षणाचा आरंभ आईच्या मांडीवर होतो अशी त्याची धारणा होती. मारिया माँतेसरीने 6 जानेवारी 1907 रोजी रोममधील सान लोरेंत्सो या मजुरांच्या वस्तीत पहिले बालगृह उघडले ते चाळीच्याच इमारतीत; तेथील आईबाप दिवसभर कामावर जाणारे होते, तरी संचालिकेने त्याच इमारतीत राहावे आणि आयांना आठवड्यातून निदान एकदा तिच्याशी मुलाविषयी बोलता यावे, असा नियम तिने घालून दिला. दुसरे महायुद्ध संपताच 1945 साली इटलीतील रेज्जो एमिलियाजवळच्या व्हिल्ला चेल्ला या गावच्या लोकांनी, जर्मन सैन्याने मागे टाकलेला रणगाडा, मालमोटारी व घोडे विकून आलेल्या पैशांतून आपल्या मुलांसाठी स्वतः शाळा बांधावयास घेतली, आणि त्या हकिकतीने प्रेरित होऊन लोरिस मालागुत्सीने पुढे जी पद्धती उभारली ती आज जगभर आदराने अभ्यासली जाते. यांपैकी रोम व व्हिल्ला चेल्ला या दोन्ही ठिकाणची कुटुंबे सुखवस्तू नव्हती.

आणि दूर कशाला जावे? ताराबाई मोडक 1923 साली भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या कार्यात सामील झाल्या, 1926 साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला, आणि 1945 साली त्यांनी बोर्डी येथे, त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातल्या खेड्यात, ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांच्या सोबतीला आल्या. तेथे त्यांना जो अनुभव आला तो आक्षेपकांनी ध्यानात घ्यावा. दलित व आदिवासी वस्तीतली मुले ठरलेल्या वेळी, ठरलेल्या इमारतीत येईनात, म्हणून ताराबाईंनी आईबापांना दूषण दिले नाही. त्या बालवाडी उचलून मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या, आणि त्यातून अंगणवाडी जन्मली. पुढे 1957 साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले, तेव्हा गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात जाणारी शाळाही निघाली. शिंपले, बिया, पाने, काड्या, माती हीच तेथली साधने होती, कारण विकत आणलेली साधने त्या मुलांच्या घरी नसतात आणि घरी जे नसते त्याच्याशी मुलाचा हात सरावत नाही. कुटुंबाचा सहभाग म्हणजे कुटुंबाने शाळेची मागणी पुरवणे, हा अर्थ ताराबाईंनी तेव्हाच उलटवला होता : शाळेनेच कुटुंबाच्या कामात सहभागी व्हावे, असे त्यांनी करून दाखवले. 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात 33 प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज कुटुंबाला उंबऱ्याबाहेर थांबवा म्हणणाऱ्यांना त्या नावामागच्या कर्तृत्वाचा विसर पडलेला आहे.

तेव्हा मागायचे ते काय? घरी आधीच आहे ते. ज्याची आई भात कापावयास जाते त्याने येताना चार लोंब्या आणाव्यात, आणि बालवाडीत त्या चोळून, पाखडून तांदूळ व तूस निराळे करून पाहावे. ज्याचे वडील बुरूडकाम करतात त्यांच्याकडून सकाळी कामावर जाण्याआधी पाव तास मागून घ्यावा, आणि कंदिलाची कामटी कशी वाकते ते त्यांच्या हातांनी मुलांना पाहू द्यावे. शिंप्याच्या घरच्या चिंध्या, कुंभाराच्या घरचा चिखल, भाजी विकणाऱ्या आजीचा तराजू, रिक्षा चालवणाऱ्या बापाला पाठ असलेले रस्ते, हे सर्व शिक्षणाचे साहित्य आहे, आणि त्याचा मोबदला म्हणून त्या घराला मिळतो तो आपल्या मुलाच्या नजरेतला मान. वेळ कुटुंबाच्या सोयीची असावी. साप्ताहिक सुट्टीचा दिवस ज्या वस्तीत जो असेल तो धरावा. आणि पुरुषांनाही नावानिशी बोलावणे जावे, कारण फक्त आयांच्या नावे निमंत्रणे काढणारी बालवाडी संगोपन हे बायकांचेच काम आहे हा धडा न बोलता देत असते.

तिसरा आक्षेप धर्माचा. त्याचे उत्तर टाळाटाळीने देऊ नये. पूजा ही ज्याच्या त्याच्या घरची बाब आहे आणि बालवाडीने ती कोणावर लादू नये, हे मला संपूर्ण मान्य आहे. परंतु ऋतू कोणा एका धर्माच्या मालकीचा नाही. कोकणात आश्विन पौर्णिमेला नवान्न होते आणि दाराला भाताच्या लोंब्यांचे नवे बांधले जाते. मुंबईतल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजात ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा साजरा होतो आणि नव्या भाताच्या पेंढ्या चर्चमध्ये नेल्या जातात. वारली पाड्यांवर धान्यदेवता कणसरीचे स्मरण करून नवे पीक घरात येते. तिन्ही ठिकाणी मुलाच्या हातात येते ती लोंबी एकच आहे. विजयादशमी आली की हजारो बौद्ध कुटुंबांच्या मनात 14 ऑक्टोबर 1956 च्या धम्मदीक्षेचे नागपूर जागे होते, आणि नागपूरची दीक्षाभूमी पाहून आलेल्या आजोबांनी तो प्रवास मुलांना सांगितला तर तोही शरदाचाच पाठ होय. ईद चांद्रवर्षानुसार ऋतूंमधून सरकत असते. ज्या वर्षी ती आश्विनाच्या आसपास येईल त्या वर्षी चंद्रकोर शोधण्याचा आनंद कोजागिरीच्या पूर्णचंद्राशेजारी का मांडू नये? सर्वांचे वगळून समता साधण्यापेक्षा सर्वांचे आत घेऊन ती साधणे कठीण आहे, हे खरे. पण बालवाडीने तीच कठीण वाट धरली पाहिजे, कारण दुसऱ्या वाटेने गेलेली मुले शेजाऱ्याच्या घरी काय चालते ते न कळताच मोठी होतात.

आत घेताना परंपरेची छाननी करण्याचा अधिकार आपल्याला आहे आणि तो बजावलाच पाहिजे. भोंडल्याच्या फेरात मुलगे असावेत. सासुरवाशिणीच्या छळाची गाणी चार वर्षांच्या मुलींच्या तोंडी देण्याचे कारण नाही. चाल व फेर राखून नवे शब्द बांधावेत, आणि ते मुलांच्या आज्यांनाच बांधावयास सांगावेत. सवाष्ण आणि विधवा हा भेद बालवाडीच्या निमंत्रणात कदापि येऊ नये. दसऱ्याला सोने लुटण्यासाठी आपट्याच्या फांद्या ओरबाडण्याचा शिरस्ता मोडून मुलांनी त्या झाडाचे जोडपान पाहावे, त्याची शेंग वेचावी आणि बी रुजवावे. परंपरा मुलांच्या हाती देण्याआधी तिच्यातले अन्यायाचे भाग काढून टाकणे हे आपले काम आहे. आणि हे काम घरच्या माणसांना बाहेर ठेवून होत नाही, त्यांच्याबरोबर बसूनच होते.

चौथा आक्षेप शिक्षिकेच्या अधिकाराचा आहे, आणि त्यामागची चिंता मला समजते. आपल्याच मुलाचे छायाचित्र काढण्यासाठी पुढे घुसणारे, शेजारच्या मुलाशी तुलना करणारे, शिक्षिकेला चारचौघांत सूचना देणारे पालक कोणत्याही वर्गाचा बोजवारा उडवू शकतात. पण यावर इलाज शिस्तीचा आहे, हद्दपारीचा नव्हे. आलेल्या माणसाने काम घेऊन बसावे, प्रेक्षक म्हणून उभे राहू नये. आपल्या मुलाइतकेच शेजारच्या मुलाकडे लक्ष द्यावे. छायाचित्रे घेऊ नयेत. स्पर्धा व बक्षिसे नसावीत. आणि एका दिवशी दोनचार माणसांपलीकडे कोणी नसावे, असे नियम शिक्षिकेने घालून द्यावेत आणि संस्थेने ते पाळवून घ्यावेत. वैद्य कितीही निष्णात असला तरी पथ्य घरच्यांनाच सांभाळावे लागते. त्याचप्रमाणे दिवसाचे तीनचार तास मुलाला पाहणाऱ्या शिक्षिकेचे शास्त्र उरलेल्या वेळेत फळाला यावयाचे असेल, तर ते घराला कळलेच पाहिजे. अंगणवाडीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे : सेविका व मदतनीस यांच्याकडे पोषणाच्या नोंदी, पोषण ट्रॅकर, निरनिराळी सर्वेक्षणे आणि वर्षभराची रजिस्टरे यांचा जो बोजा आहे, त्याने मुलांसाठीचा त्यांचा वेळ खाऊन टाकला आहे. त्यांच्या कामात व्यत्यय येतो म्हणून ज्यांना कळकळ वाटते त्यांनी आधी या दफ्तराविरुद्ध आवाज उठवावा.

या वादात एका बाबीचा उच्चार जवळजवळ कोणीच करीत नाही, आणि माझ्या मते तीच निर्णायक आहे. महाराष्ट्रातल्या लक्षावधी माणसांच्या दृष्टीने शरद हा स्थलांतराचा ऋतू आहे. दसरादिवाळीच्या सुमारास बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघतात; मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि साखर कारखान्यांचा हंगाम संपेपर्यंत ते परतत नाहीत. त्याच सुमारास पालघरच्या पाड्यांवरची कुटुंबे वीटभट्ट्यांची वाट धरतात. शाळकरी मुलांनी तरी मागे राहावे म्हणून शासनाने हंगामी वसतिगृहांची तजवीज केली. भट्ट्यांवर भोंगाशाळा आणि कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या, त्या सामाजिक कार्यकर्त्यांच्या तळमळीने. परंतु तीनचार वर्षांचे मूल वसतिगृहात ठेवता येत नाही. ते आईबरोबर गाडीत बसून जाते, आणि जून ते सप्टेंबर ज्या अंगणवाडीत ते रुळले होते तिच्या हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा पडत राहतात. 2002 सालच्या 86 व्या घटनादुरुस्तीने बदललेला अनुच्छेद 45 सहा वर्षांखालील सर्व मुलांच्या संगोपनाची व शिक्षणाची जबाबदारी राज्याच्या प्रयत्नांवर सोपवतो. त्यात गावी असणारी मुले असा भेद केलेला नाही.

ज्या अंगणवाडीने हस्त नक्षत्रापासून घरच्या माणसांना आत घेतले, त्यांच्याबरोबर धान्य पेरले आणि त्यांच्या कामाची विचारपूस केली, तिला कोणते घर कोणत्या दिवशी, कोणत्या मुकादमाबरोबर, कोणत्या कारखान्यावर जाणार आहे हे आधी कळते. ती मुलाच्या हाती त्याच्या वजनाची, लसीकरणाची व शिकण्याची नोंद असलेला दाखला देऊ शकते. तिकडच्या अंगणवाडीला आगाऊ कळवू शकते. आजीजवळ मूल राहणार असेल तर त्या आजीला तिने दसऱ्याच्या आधीच ओळखलेले असते. ज्या अंगणवाडीने कुटुंबाला उंबऱ्याबाहेर ठेवले तिला हे कळते ते मूल नाहीसे झाल्यानंतर. कुटुंबाचा सहभाग ही सुखवस्तूंची चैन आहे, असे म्हणणाऱ्यांना माझे हे शेवटचे व पुरेसे उत्तर आहे. ज्याचे घर हंगामाबरोबर हलते त्याच मुलाला त्या सहभागाची गरज सर्वांत अधिक आहे.

म्हणून माझी मागणी मोजकी आहे. बालवाडीच्या आश्विनकार्तिकातून व्यासपीठ, पोशाख, खरेदीच्या याद्या आणि बक्षिसे काढून टाकावीत. माती, बी, लोंबी, कामटी, गाणे आणि ती जाणणारी माणसे आत घ्यावीत. प्रत्येक शिक्षिकेने दसऱ्यापूर्वी प्रत्येक मुलाच्या नावापुढे दोन गोष्टी लिहून ठेवाव्यात : या ऋतूत याच्या घरची माणसे कोणते काम करतात, आणि दिवाळीनंतर हे घर कोठे असेल. निरीक्षणासाठी येणाऱ्या अधिकाऱ्याने भिंतीवरची सजावट पाहण्याआधी ती नोंद मागावी. ज्या बालवाडीला ती दाखवता येईल तिने शरदाचे सार्थक केले असे मी म्हणेन. आणि जिला ती दाखवता येणार नाही, तिच्या मुलांना अक्षरे कितीही लवकर येवोत, तिने आपले पहिले काम अजून हाती घेतलेलेच नाही.